चिताऱ्याकडे शिकायला बसलेली राणी

सावंतवाडीच्या मोती तलावाकाठी जांभ्या दगडाचा राजवाडा आहे. त्याच्या दरबार हॉलमध्ये एकेकाळी मानकरी बसायचे. नंतर तिथे रंगाच्या वाट्या मांडून चित्रकार बसू लागले. हे घडलं राजमाता सत्वशीलादेवी भोसले यांच्यामुळे. पण त्यांच्याबद्दल बोलायचं तर आधी गंजिफेकडे वळावं लागतं.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. हा खेळ इराणकडून मोगलांबरोबर आपल्याकडे आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. मोगली संचात आठ रंगांचे ९६ पत्ते. आपल्या लोकांनी त्यात विष्णूचे अवतार आणले आणि दशावतारी गंजिफा झाली: दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, एकूण १२० पत्ते. मत्स्याच्या पंजीवर पाच मासे, कूर्माच्या छक्कीवर सहा कासवं. खेळणारे तिघे, म्हणजे एकेकाच्या हातात चाळीस पत्ते! शिवाय पाच अवतारांत प्रधानाखालोखाल दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का. दिवसा खेळायचं तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने सुरुवात करायची, रात्री कृष्णाचा ज्याच्याकडे त्याने. हे सगळं डोक्यात ठेवून डाव जिंकणाऱ्यांना रमीवाल्यांनी नमस्कारच करावा.

सावंतवाडीत ही कला चितारी घराण्यांच्या हातात होती. कागदाचे थर चिकटवायचे, चिंचोक्याच्या खळीचा हात द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचे, वर रंग आणि शेवटी लाखेची झिलई. आणि हे सगळं एकशेवीस वेळा. छापील पत्ते कवडीमोलाने मिळू लागल्यावर कोण घेणार हे? १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, दरबारी गिऱ्हाईकही गेलं.

सत्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले यांच्याशी लग्न होऊन त्या कोकणात आल्या, तोवर गंजिफा जवळपास संपलेली होती. पुंडलिक चितारी हे वृद्ध कलाकार तेवढे उरले होते. राजघराण्याने कलावंताला आश्रय द्यावा, शाल-श्रीफळ द्यावं, ही आपल्याकडची जुनी रीत. इथे मात्र राजेसाहेब आणि राणीसाहेब स्वतःच पुंडलिकरावांकडून शिकले. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला खरा वेगळेपणा हाच. पैसा दिला असता तर एक म्हातारा कलाकार सुखाने जगला असता, पण विद्या त्याच्याबरोबरच गेली असती.

१९७१ मध्ये राजवाड्यातच ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले. देशभरचे राजवाडे ओस पडण्याच्या त्या काळात या वाड्यात स्थानिक मुलं-मुली कुंचला धरायला शिकत होती. सत्वशीलादेवी स्वतः रंगवत आणि इतरांकडून करवूनही घेत. गंजिफेची वेलबुट्टी आणि अवतार मग लाखकामाच्या पेट्यांवर, लाकडी फर्निचरवर उतरले, कारण नुसत्या पत्त्यांवर कारखाना चालत नाही हे त्यांना कळत होतं.

शिवरामराजे १९९५ मध्ये गेले, राजमाता २०१८ मध्ये. काम पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवलं आहे.

कला वाचली, खेळ मात्र फारसा वाचला नाही. आज संच विकत घेणारे बहुतेकजण तो चौकटीत बसवून भिंतीला लावतात. रामाचा राजा काचेआड असतो आणि दिवसा सुरुवात त्याने करायची असते, हे त्या घरात क्वचितच कुणाला ठाऊक असतं.