कातळशिल्पे, कोकणातील

कोकणातील जांभ्याच्या उघड्या पठारांवर (सड्यांवर) आडव्या कातळात कोरलेल्या आकृती. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, तसेच गोव्यात त्या आढळतात. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातील उसगाळीमळ ही ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असून त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत.

कोरण्याची रीत दगडाने ठरवली आहे. पावसाने मूळ खडकातील सिलिका व क्षार धुऊन नेले, की लोह-अॅल्युमिनियमची ऑक्साइडे उरतात, तोच जांभा. खाणीतून नुकताच काढलेला चिरा सहज तासता येतो, पण वाऱ्याउन्हात राहिला की घट्ट होतो. सड्याचा पृष्ठभाग आधीच असा कडक झालेला असतो आणि त्यात छिद्रेही असतात. बारीक रेघ काढू गेल्यास कडा ढासळते. रुंद चर, मोठे आकार आणि तपशिलांची काटकसर दिसते, ती बहुधा यामुळेच. काही आकृती केवळ बाह्यरेषेने काढल्या आहेत, तर काहींत आजूबाजूचा दगड खोल घेऊन आकार उठवला आहे.

काळाविषयी मतभेद आहेत. शेती किंवा पाळीव जनावरांची दृश्ये जवळजवळ नाहीत, उलट आज कोकणात नसलेला गेंडा दिसतो. यावरून काही अभ्यासक ही शिल्पे मध्याश्मयुगातील, इ. स. पू. सुमारे १०,००० पर्यंत मागे जाणारी मानतात. प्राण्यांच्या आकृतींपुरते हे मत अधिक पटणारे आहे. देवीहसोळसारख्या चौकटीबद्ध भौमितिक रचना त्याच काळातल्या असतीलच असे नाही. दगड कधी कोरला गेला हे कार्बन पद्धतीने काढता येत नाही, कारण तिला सेंद्रिय पदार्थ लागतो, आणि आम्लधर्मी तांबड्या मातीत हाडे सहसा टिकत नाहीत. चरातील मातीचे वय काढले तरी ते शिल्पाचे किमान वय ठरते. शिवाय तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या सड्यावर ती माती मूळचीच आहे, याची हमी नाही.

नोंदणीसाठी पावसाळ्यानंतर गवत वाळल्यावर जावे. भरदुपारी चर सपाट दिसतात. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सावली पडून ते उठून येतात. माती मऊ कुंचल्याने काढावी, तारेच्या ब्रशने नव्हे. रेषा स्पष्ट दिसावी म्हणून चुना किंवा रंग भरण्याची सवय घातक आहे: रंग छिद्रांत शिरतो, शिवाय भरणाऱ्याने चुकीची ओळखलेली रेषाच पुढे खरी समजली जाते. चिरेखाणी, रस्ते आणि आंब्याच्या बागांसाठी होणारे सपाटीकरण यांनी शिल्पे मुळासकट जातात.

स्थानिक परंपरेची नोंद तुटक आहे. कुडोपीच्या जागेला ‘बाहुल्यांचे टेंब’ म्हणतात.