निद्रान्यूनता व यकृत

निद्रान्यूनता व यकृत : झोप सतत अपुरी पडल्याने यकृताच्या चयापचयात आणि त्याच्या पेशींच्या संरक्षणव्यवस्थेत होणारे बदल. मराठी बोलण्यात ‘जागरणाने पित्त झालं’ असे सर्रास म्हटले जाते. त्यातले पित्त म्हणजे बहुधा जठरातील आम्लता असते, यकृतात तयार होणारा पित्तरस नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय २१) ‘रात्रौ जागरणं रूक्षं’ असे वचन आहे. रूक्षता हा वाताचा गुण असल्याने तेथील रोख पित्तापेक्षा वाताकडे आहे. संहितेचा काळ निश्चित नाही. तिचे आजचे रूप अनेक हातांनी घडले असे मानतात. रात्री १ ते ३ या वेळेत यकृत ‘स्वतःची सफाई करते’ हा हल्ली पसरलेला समज चिनी वैद्यकातील नाडी-घटिकांच्या (दिवसातली ठरावीक वेळ एकेका अवयवाची मानण्याच्या) कल्पनेवरून आलेला दिसतो. शरीरक्रियाविज्ञानात त्याला आधार नाही.

प्रायोगिक अभ्यास : मारिया मानासेइना या रशियन संशोधिकेने १८९४ मध्ये कुत्र्याच्या पिल्लांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. सतत जागी ठेवलेली पिल्ले चार-पाच दिवसांत दगावली. पद्धतशीर काम मात्र शिकागो विद्यापीठात ॲलन रेख्टशाफेन यांनी १९८० च्या दशकात केले. उथळ पाण्यावर एक गोल तबकडी, मध्ये आडवी भिंत आणि दोन्ही बाजूंना एकेक उंदीर, अशी ती मांडणी होती. प्रायोगिक उंदराच्या मेंदूलेखात (मेंदूतील विद्युत्-लहरींच्या आलेखात) झोपेची चाहूल लागली की तबकडी हळू फिरू लागे. पाण्यात पडायचे नसेल तर दोघांनाही चालावे लागे. पहिला आपणहून जागा असताना दुसऱ्याला झोपता येई. त्यामुळे चालण्याचे श्रम दोघांना सारखे आणि झोपेची वंचना मुख्यतः एकाला, अशी तुलना शक्य झाली. १९८९ च्या अहवालानुसार पूर्ण वंचित उंदीर ११ ते ३२ दिवसांत मृत्यू पावले किंवा मृत्यू समोर दिसताच त्यांना मारण्यात आले. ते अधिक खात होते, तरी त्यांचे वजन घटत होते. मृत्यूचे एकच असे कारण शवविच्छेदनात सापडले नाही. ही उणीव पुढच्या वादाचे मूळ ठरली.

ऑक्सिडीकारक ताणाचा वाद : जागेपणी साचलेली मुक्त मूलके (पेशींना ऑक्सिडीकारक इजा करणारे अतिक्रियाशील रेणू) झोपेत निकामी केली जातात, अशी उपपत्ती ई. राइमुंड यांनी १९९४ मध्ये मांडली. तेव्हा तिचा रोख मेंदूवर होता. यकृताकडे लक्ष गेले ते कॅरल एव्हर्सन व सहकाऱ्यांच्या २००५ च्या निष्कर्षांमुळे. वंचित उंदरांच्या यकृतात ग्लुटाथायोन घटले होते आणि कॅटालेज या संरक्षक विकराची (एन्झाइमची) क्रियाही मंदावली होती. ग्लुटाथायोन हा पेशीतला प्रमुख प्रतिऑक्सिडीकारक (अशा मूलकांना निकामी करणारा पदार्थ) असून त्याचे भांडार यकृतात मोठे असते. औषधांचे व विषारी द्रव्यांचे निराकरण करतानाही तेच खर्ची पडते, म्हणून ही घट क्षुल्लक म्हणता येत नाही. याउलट गोपालकृष्णन, जी व चिरेली यांना २००४ मध्ये अल्प व दीर्घ दोन्ही वंचनेनंतर मेंदूत वा इतर ऊतींत ऑक्सिडीकारक इजेचा पुरावा मिळाला नव्हता. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी भासतात. परंतु इजा मोजणे वेगळे आणि इजेपासून वाचवणारा साठा मोजणे वेगळे. साठा आधी आटतो व इजा नंतर दिसते, हा क्रम अधिक संभवनीय वाटतो. एव्हर्सन यांच्याच २०१४ च्या अभ्यासात यकृतपेशींतील डीएनएची हानी वाढलेली आढळली, ही बाब या क्रमाशी जुळते. २०२० मध्ये हार्वर्डच्या ड्रॅगाना रोगुल्या यांच्या गटाने फळमाश्या व उंदरांत अशा मूलकांचा साठा मुख्यतः आतड्यात दाखवला. आतड्यातील रक्त प्रतिहारी शिरेने थेट यकृतात येते. त्यामुळे यकृताचा ताण अंशतः तेथून येत असावा, असा तर्क करता येतो.

माणसातील पुरावा : तो तुटपुंजा आहे व बहुतांशी शर्करेच्या चयापचयाशी संबंधित आहे. १९९९ मध्ये ११ निरोगी तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिल्यावर रक्तातील शर्करेचा निचरा मंदावला. २०१० मधील एका डच अभ्यासात एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेनंतरही यकृत इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देईना, म्हणजे शर्करा सोडणे थांबवीना. फॅटी लिव्हर व कमी झोप यांच्या संबंधाविषयी सर्वेक्षणे एकमुखी नाहीत. लठ्ठपणा व घोरण्याबरोबर येणारा निद्राश्वासरोध (झोपेत श्वास अडणे) यांचा प्रभाव वेगळा काढणे अवघड जाते.

उलट दिशेचा संबंध मात्र जुना व पक्का आहे. ब्रिटिश यकृततज्ज्ञ शीला शेरलॉक व सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये यकृतजन्य मेंदूविकारात (यकृत बिघडल्याने मेंदूच्या कार्यात येणाऱ्या बिघाडात) झोपेचे चक्र उलटे होत असल्याचे नोंदवले : रुग्ण दिवसा पेंगतो, रात्री टक्क जागा राहतो, आणि हात पुढे ताणून धरायला सांगितले तर पंजे फडफडतात. मेलॅटोनिन या झोपेच्या वेळेशी निगडित संप्रेरकाचे विघटन यकृतच करत असल्याने सिऱ्होसिसमध्ये (यकृत व्रणमय व कठीण होण्याच्या विकारात) त्याची लय बिघडते. घरच्यांना ही नुसती झोपमोड वाटते. पण अशा रुग्णाला बेंझोडायझेपीन गटातील झोपेची गोळी दिल्यास मेंदूविकार बळावतो.