हाताबरोबर थांबणारं हत्यार

मुलाला सुतारकामाची हौस आहे असं कळलं की मोठी माणसं दोन चुका हमखास करतात. एक तर प्लास्टिकचा खेळण्यातला संच आणतात. नाहीतर आपल्या पेटीतलं सगळ्यांत जुनं, धार गेलेलं हत्यार काढून देतात; का, तर निदान कापणार तरी नाही! माझ्या मते दुसरी चूक जास्त घातक.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे शाळेत आपण सगळेच घोकतो. धारदार कडेचं क्षेत्रफळ नगण्य असतं, त्यामुळे थोड्याशा जोरानेही लाकडाचे तंतू तुटतात. बोथट पात्यावर तेवढाच दाब आणायचा तर मूल अंगाचा सगळा भार टाकतं. मग पातं अचानक निसटतं आणि तो जोर मोकाट सुटतो. मोठ्या माणसालाही दिसलेल्या इशाऱ्यावर हात हलवायला सुमारे पाव सेकंद लागतो, मुलांना त्याहून जास्त. तोवर पातं पलीकडच्या हातापर्यंत पोचलेलं असतं.

आता हातोडी. माझ्या सात वर्षांच्या पुतणीला मी माझीच हातोडी दिली होती. तिने दांडा धरला तो थेट लोखंडी डोक्याच्या खाली, आणि मी तिला शिकवायला लागलो, “शेवटाला धर गं!” चूक माझी होती. डोकं 450 ग्रॅमचं आणि मुठीपासून 30 सेंटिमीटर लांब असेल, तर मनगटाला पीळ बसतो तो या दोहोंच्या गुणाकाराइतका. डोकं 225 ग्रॅमचं आणि अंतर 22 सेंटिमीटर केलं, की हा पीळ जेमतेम 37 टक्के उरतो. मूठ वर सरकवून ती पोर हाच हिशेब सोडवत होती. मूल दांडा मध्येच धरत असेल तर त्याला दटावू नका, हातोडी बदला. आणि खिळा बोटांनी धरायची काय गरज? जाड पुठ्ठ्याच्या पट्टीत टोचून ती पट्टी दुसऱ्या टोकाला धरावी. नेम चुकला तर पुठ्ठा चेचतो, बोट वाचतं.

करवतीत बारीक दात बरे. भरड दात लाकडात अडकतात, मूल हिसका देतं आणि करवत खाचेतून उडी मारते. काही करवती ढकलताना कापतात, तर जपानी पद्धतीच्या ओढताना. ओढताना पातं ताणलं जातं, म्हणून ते पातळ असूनही वाकत नाही. ढकलताना तेच पातं मध्ये फुगून मुरडू शकतं. मात्र ओढकरवतीचे दात फार तीक्ष्ण असतात, तेव्हा फळी क्लॅम्पने, म्हणजे स्क्रू फिरवून आवळायच्या पकडीने, टेबलाला घट्ट आवळलेलीच हवी. खरं तर पहिली खरेदी क्लॅम्पचीच असावी. फळी धरून ठेवायचं काम त्याच्या स्क्रूने केलं की दुसरा हात पात्याच्या वाटेतून बाजूला होतो.

भोक पाडायला दातेरी चाकाचं, हाताने फिरवायचं ड्रिल मला फार आवडतं. एका हातात मूठ, दुसऱ्यात चाक, म्हणजे दोन्ही हात आपोआप टोकापासून दूर. शिवाय हात थांबला की ड्रिलही थांबतं. विजेच्या ड्रिलचं टोक अडकलं तर मोटर फिरतच राहते आणि उलटा झटका मनगटाला बसतो. त्यात केस, ओढणी किंवा हातमोजा गुंतला तर बघायलाच नको. हो, फिरत्या यंत्राजवळ हातमोजे नकोतच. तिथे ते हात आत ओढतात.

ग्लू गनला कोणी हत्यार मानत नाही, पण ती भाजते बेमालूम. नेहमीच्या गनमधला गोंद 190 अंशांच्या आसपास तापतो, कमी तापमानाच्या गनमधला साधारण 120. हा दुसराही भाजतोच, कारण वितळलेला गोंद कातडीला चिकटून उष्णता देत राहतो. शेजारी गार पाण्याचं भांडं हवंच.

राहता राहिला डोळ्यांच्या बचावाचा चष्मा. मोठ्यांचा दिलात तर गालापाशी फट राहते आणि भुसा तिथूनच शिरतो. मुलांच्या मापाचा घालून मान खाली करायला सांगा, दोनदा हलवायला सांगा. घसरला, तर अजून लहान माप बघा.