कागदावरचा प्रोग्रॅम, बाहीवरचा बॅज

ऐरोलीत आमच्या स्काऊट-गाइडच्या मुलामुलींची जूनपासून दर रविवारी सकाळी प्रोग्रॅमिंगच्या बॅजची तयारी चालते. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, लॅपटॉप कोणता घ्यायचा? पहिले पाच-सहा रविवार लॅपटॉप लागतच नाही म्हटलं की त्यांचे चेहरे उतरतात. पण ही पद्धत आमच्या मनची नाही. ती कुठून आली हे पालकांना कळावं, म्हणून हे लिहिते आहे.

स्काऊटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. दोनच वर्षांत स्काऊटिंग भारतात पोचलं, पण इथल्या मुलांना त्यात शिरकाव नव्हता. मग अ‍ॅनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासला, मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी १९१८ मध्ये अलाहाबादला स्वतंत्र संघटना काढल्या. १९५० मध्ये स्थापन झालेल्या भारत स्काऊट्स आणि गाइड्समध्ये हे वेगवेगळे प्रवाह एकत्र आले. बॅजचं तत्त्व मात्र तेव्हापासून एकच आहे, करून दाखव. गाठ येते असं नुसतं सांगून भागत नाही. दोरी हातात घ्यायची, समोर मारायची, आणि ताण दिला तरी ती सुटता कामा नये.

अमेरिकेतल्या स्काऊट संघटनेने १९६७ मध्ये संगणकाचा बॅज सुरू केला. पहिला मायक्रोप्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेली चिप, बाजारात आला १९७१ मध्ये, म्हणजे बॅज त्याच्याही आधीचा. घरात संगणक असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून सत्तरच्या दशकातल्या अटींमध्ये कागदावरचं काम होतं, आपल्या पथकाच्या शेवटच्या पाच सभांची सरासरी हजेरी आणि वर्गणी काढायचा फ्लोचार्ट, म्हणजे कामाच्या पायऱ्या क्रमाने दाखवणारी आकृती. मला ही अट इतकी आवडली की आम्ही ती जवळपास तशीच घेतली, फक्त पाच सभांऐवजी महिना धरला.

जुलैतली गोष्ट. सातवीतली एक मुलगी चार्ट काढता काढता थांबली. "ताई, पावसामुळे महिनाभर सभाच झाली नाही, तर भागायचं कशाने?" शून्याने भागायचा घोळ तिने स्वतःहून पकडला होता. मी काहीच बोलले नाही. तिने खोडरबर घेतला, भागाकाराच्या वर हो-नाहीच्या प्रश्नाची, हिऱ्याच्या आकाराची चौकट काढली आणि आत लिहिलं, 'सभा झाली का?' प्रोग्रॅमिंग म्हणतात ते हेच. ते वहीच्या आखीव पानावर झालं.

मुलांसाठीची लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषाही १९६७ चीच. वॉली फोयरझाइग, सिमोर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी ती घडवली. पुढे तिच्यात कासव आलं, सूचना द्यावी तसं रेघा ओढत जाणारं. आमच्याकडे कासव व्हायचं काम मुलंच करतात. खडूने चौकोन आखायचा, एकाने सूचना द्यायच्या, दुसऱ्याने शब्दशः पाळायच्या. 'थांब' म्हणायचं राहिलं, तर कासव थेट कंपाउंडच्या भिंतीपर्यंत चालत जातं.

आपल्याकडे संगणक निराळ्या वाटेने आला. १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे छोटे संगणक आले. महाराष्ट्रात घराघरांत संगणकाची ओळख झाली ती पुढे एमकेसीएल या संस्थेच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमामुळे. त्या अभ्यासक्रमाने खूप जणांची भीती घालवली, हे मी घरातच पाहिलं आहे. पण संगणक म्हणजे प्रमाणपत्र, हे समीकरणही तेव्हाच पक्कं झालं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक शाळेच्या आधीच कोडिंग आणलं, आणि लगोलग कोडिंगच्या शिकवण्यांच्या जाहिराती सुरू झाल्या. पालकांची घाई त्यातून आली आहे.

अमेरिकेत २०१३ मध्ये प्रोग्रॅमिंगचा वेगळा बॅज आला, आणि पुढच्या वर्षी संगणकाचा जुना बॅज बंद झाला. नव्यात तीन वेगवेगळ्या भाषांत काम करून दाखवावं लागतं. सगळं कोऱ्या पाटीवर लिहायला हवं असं नाही. तयार प्रोग्रॅम घ्यायचा, त्यात बदल करायचा, चुका शोधायच्या आणि चालवून दाखवायचा. आमचा बॅज आमच्यापुरताच आहे, तो आम्ही या अटी समोर ठेवून बेतला. आमच्या तीन पायऱ्या म्हणजे कागद, मग स्क्रॅच ही ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची भाषा, आणि शेवटी पायथन ही लिहून प्रोग्रॅम करायची भाषा.

सातवीतली ती मुलगी आता पायथनवर आहे. येत्या रविवारी ती हजेरीचा प्रोग्रॅम चालवून दाखवणार आहे. परीक्षकांना मी सांगून ठेवलं आहे, सभांच्या जागी पहिल्यांदा शून्यच टाका.