भाचीचा लॅपटॉप आणि होय होय म्हणणारी चिप

गेल्या पावसाळ्यात खानापूरहून भाचीचा फोन आला, मामा लॅपटॉपवर लिनक्स टाकलं पण टचपॅड मेलाय की ओ. लॅपटॉप बेळगावात सेकंडहँड घेतलेला, कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, विंडोज त्यावर नुसतं रांगायचं म्हणून मीच तिला लिनक्सचा सल्ला दिलेला, म्हणजे निस्तरायचं पण मीच. रविवारी ती लॅपटॉप घेऊन टिळकवाडीला घरी आली. कीबोर्ड चालतोय, यूएसबी माऊस चालतोय, टचपॅड मात्र ठार. पण काल विंडोजवर चालत होता म्हणाली, आणि माझ्या दृष्टीने हीच सगळ्यात कामाची माहिती होती, कारण मग वस्तू शाबूत आहे, बिघडलाय तो संवाद.

आता हा संवाद कसा असतो बघा. १९८४ साली आयबीएमच्या पीसी एटीत कीबोर्ड सांभाळायला इंटेलची ८०४२ नावाची चिप होती. ती वेगळी चिप आता कुठल्या लॅपटॉपात दिसायची नाही, पण मदरबोर्डवरचा छोटा कंट्रोलर अजून तिचीच नक्कल करतो, आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपांत टचपॅड याच नकली ८०४२ च्या मागे पीएस/२ म्हणजे जुन्या गोल पिनचा माऊस बनून बसलेला असतो. मूळ एटीत दार एकच, कीबोर्डचं, माऊसचं दुसरं दार १९८७ मधे आयबीएमच्या पीएस/२ बरोबर आलं. पुढे लोकांना टचपॅड पण पाहिजे, मधली ती टिकलीसारखी काडी पण पाहिजे, बाहेरचा माऊस पण पाहिजे, म्हणून मल्टिप्लेक्सिंग नावाची सोय निघाली, माऊसच्या एका दारामागे ४ दारं.

बूट होताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ही सोय आहे काय ते विचारतो, आणि विचारायची पद्धत मला फार आवडली. तो चिपला ३ बाइट पाठवतो, एफ०, ५६ आणि ए४, आणि सांगतो जसंच्या तसं परत दे. साधी चिप तिन्ही मुकाट्याने परत करते. सोय असलेली चिप पहिले दोन परत करते पण तिसऱ्याच्या जागी आपला व्हर्जन नंबर ठेवते. म्हणजे परवलीचा शब्दच की.

भाचीच्या लॅपटॉपवर बूटचा लॉग उघडला तर कर्नल लिहितोय, मल्टिप्लेक्सिंग कंट्रोलर सापडला, रिव्हिजन १.१, आणि खाली ४ दारांची नावं, पण एकाही दारामागे टचपॅड नाही. उद्यमबागेत कुठल्या पण वर्कशॉपला असला एक पोरगा असतो बघा, फोरमन विचारतो लेथ येतो काय, होय, मिलिंग येतं काय, होय, ग्राइंडर, होय होय, मग त्याला ४ मशीनवर लावतात आणि जे एक खरंच येत होतं ते पण बंद पडतं. ही चिप तसली. परवलीचा शब्द पाठ, पुढचं काम येत नाही.

बनवणाऱ्यांना हे कळलं कसं नाही? माझा अंदाज, विंडोजवर टचपॅड हलला की त्यांची टेस्टिंग संपली. कर्नलच्या कोडात ह्या चिपची जी फाइल आहे तिच्यातच एक वैतागलेली कॉमेंट आहे, की मल्टिप्लेक्सिंग नीट करणारे लॅपटॉप आहेत पण ते अल्पसंख्य.

उपाय तपासायला कंपाइल, म्हणजे कोडपासून कर्नल नवा बनवणं, लागत नाही. ग्रब, म्हणजे बूटच्या आधी येणारा प्रोग्राम, त्याच्या मेनूत ई दाबायचं, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी आय८०४२ डॉट नोमक्स, म्हणजे मल्टिप्लेक्सिंगचं विचारू नको, असं जोडायचं आणि बूट करायचं. तसं केलं, आणि बाण सरकला. मी कर्नलच्या कोडातच दुरुस्ती, म्हणजे पॅच, करायच्या विचारात, तर भाची म्हणाली झालं की, आता पॅच कशाला? बरोबर होतं तिचं, ग्रबच्या सेटिंगमधे ती ओळ कायमची टाकली की तिचं भागतं. पण त्याच मॉडेलचा दुसरा माणूस परत तिथंच अडकणार, आणि खरं सांगायचं तर मला खाज होती.

कर्नलात अशा लबाड मशीनींची यादी असते. प्रत्येक लॅपटॉपचं फर्मवेअर कंपनीचं नाव आणि मॉडेलचं नाव मेमरीत एका तक्त्यात ठेवतं, त्याला डीएमआय म्हणतात, आणि कर्नल बूट होताना ती नावं यादीशी ताडून बघतो, जुळलं तर मल्टिप्लेक्सिंगचं विचारतच नाही. फोरमनच्या वहीतली नोंद, ह्या पोराला एकच मशीन द्या. बूट झाल्यावर ही यादी मेमरीतून टाकून पण देतात. पॅच म्हणजे त्या यादीत ७-८ ओळींची भर, वरखाली ३-३ ओळी संदर्भाच्या आणि नव्या ओळींच्या आधी अधिकचं चिन्ह, बस. बदल असे पाठवायची पद्धत लॅरी वॉलने १९८५ मधे पॅच हा प्रोग्राम लिहिला तेव्हापासूनची, लिनक्स तर १९९१ चं.

गंमत नावातच आहे. साधी जुळणी तुकड्यावर चालते, म्हणजे नाव अर्धवट लिहिलं तर त्याच कंपनीचे भलतेच लॅपटॉप सापडतात आणि त्यांचं चांगलं चाललेलं आपण बिघडवतो. आणि काही कंपन्या तर नाव भरायचंच विसरतात, तिथं कंपनीने भरावे अशा अर्थाची कोरी ओळ तशीच सुटलेली असते. आमच्याकडे नशिबाने नाव होतं.

कर्नल ३ कोटी ओळींच्या वर, पण बहुतेक भाग आपल्याकडे नसलेल्या हार्डवेअरचा, म्हणून मेक लोकलमॉडकॉन्फिग चालवलं, ते आत्ता लोड असलेलेच मॉड्यूल, म्हणजे एकेका हार्डवेअरचे कोडचे तुकडे, ठेवतं. तरी दोन कोअरवर दुपार गेली. मधे करंट गेला, बॅटरी जुनी म्हणून १० मिनिटांत लॅपटॉप झोपला, पण कंपाइल चालवणारा मेक हुशार, झालेल्या फाइली परत करत नाही, उरलेल्या करतो. तोवर आम्ही कुंदा संपवला.

नवीन कर्नलवर टचपॅड पहिल्या फटक्यात चालला. आणि मोबाईलवरून नेट घ्यायला गेलो तर नेट नाही! कंपाइलच्या वेळी मोबाईल जोडलेला नव्हता, त्याचा मॉड्यूल लोड नव्हता, म्हणून लोकलमॉडकॉन्फिगने तो गाळला. चूक माझी. जुना कर्नल ग्रबमधे होताच, त्यावर जाऊन, मोबाईल, प्रिंटर, पेनड्राइव्ह सगळं एकदम खुपसून परत सुरुवात.

पॅच कर्नलवाल्यांना पाठवायच्या तयारीत होतो, खाली सही पण टाकली, ती टाकावीच लागते, हा कोड द्यायचा मला हक्क आहे म्हणून. तेवढ्यात भाचीच्या मैत्रिणीने त्याच दुकानातून घेतलेला तसलाच लॅपटॉप आणला, तोच रंग, तोच स्टिकर, टचपॅड तसाच मेलेला. डीएमआय बघितलं तर मॉडेलच्या शेवटी एक अक्षर वेगळं. आता पॅचमधे दोन नोंदी आहेत, आणि भाचीला सांगून ठेवलंय, वर्गात अजून कुणी तो लॅपटॉप घेतलाय काय ते विचार.