एकर-गुंठा की हेक्टर-आर? सीमेच्या दोन बाजूंचे उतारे वाचताना

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कितीतरी घरांची थोडी जमीन इकडे असते आणि थोडी चंदगड, गडहिंग्लज किंवा कागलकडे. वाटणीची वेळ आली की इकडची आरटीसी, म्हणजे आपली पहाणी (कर्नाटकातला जमिनीचा उतारा), आणि तिकडचा, महाराष्ट्रातला सातबारा शेजारी ठेवले जातात. दोन्हींवर क्षेत्राचे आकडे ठिपक्यांनी तोडलेले असतात आणि दिसायला सारखेच दिसतात. इथेच फसगत होते.

समजा दोन्हींवर १.१०.०८ असं लिहिलंय. पहाणीवर त्याचा अर्थ १ एकर १० गुंठे ८ आणे. सोळा आण्यांचा एक गुंठा, म्हणून ही जमीन झाली साडेपन्नास गुंठे. सातबाऱ्यावर मात्र तेच आकडे १ हेक्टर १० आर ८ चौरस मीटर सांगतात आणि ते भरतात जवळजवळ १०९ गुंठे. दुपटीहून जास्त!

पहाणीतला ठिपका दशांश चिन्ह नाही, हे एकदा डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. ४० गुंठ्यांचा एकर होतो, त्यामुळे मधला आकडा ३९ च्या पुढे जात नाही. २.२० म्हणजे दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर तेच २.२० टाकलं तर तो दोन एकर आठ गुंठे धरतो आणि बारा गुंठे जागच्या जागी गायब होतात. बेरजेतही तसंच. १.२५ आणि २.३० ची बेरीज ३.५५ नव्हे, ती ४ एकर १५ गुंठे. हेक्टर-आरमध्ये मात्र शंभर आरांचा हेक्टर असल्यामुळे ३.५५ हे उत्तर बरोबर असतं. मधला आकडा ४० किंवा त्याहून मोठा दिसला की तो गुंठ्यांचा नाही, आरांचा आहे.

दुसरा घोळ बारीक आहे, म्हणून जास्त पसरलाय. लोक बोलताना आरालाच गुंठा म्हणतात. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, १०८९ चौरस फूट, किंवा १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे नेमके १०० चौरस मीटर, १०७६.४ चौरस फूट. फरक साडेबारा चौरस फुटांचा. एका गुंठ्यात तो कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण ४० आर घेऊन एकराचे पैसे मोजले तर सुमारे ५०४ चौरस फूट कमी मिळाले. ‘हेक्टर म्हणजे अडीच एकर’ हा हिशेबही असाच. खरा आकडा २.४७१ एकर, म्हणजे ९८.८४ गुंठे. दर हेक्टरी १२६० चौरस फुटांची तूट, तीस बाय चाळीसच्या अख्ख्या प्लॉटपेक्षा मोठी. गावाजवळच्या जमिनीला आज जो भाव आहे तो पाहता ही तूट सोडून देण्यासारखी मुळीच नाही.

मूळ गुंठा दोन्हीकडे एकच आहे. मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिच्या एका चौरसाला गुंठा धरलं गेलं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड मुंबई राज्यात राहिलं. पुढे महाराष्ट्राने उताऱ्यावर हेक्टर-आर आणले, कर्नाटकाने एकर-गुंठा ठेवला. म्हणून चंदगडचा शेतकरी बोलताना अजून गुंठेच सांगतो, कागद मात्र आर दाखवतो.

खताच्या शिफारशी बहुधा हेक्टरी असतात, त्याही तशाच वाचाव्यात. हेक्टरी २५० किलो नत्र असेल तर एकरी १०१ किलो.

वाटणीच्या हिशेबासाठी आधी सगळं चौरस मीटरमध्ये आणावं. पहाणीवर २.२० आणि सातबाऱ्यावर ०.८०.०० असेल, तर शंभर गुंठ्यांचे १०,११७ आणि ऐंशी आरांचे ८,००० मिळून १८,११७ चौरस मीटर होतात. १०१.१७ ने भागलं की १७९ गुंठे, म्हणजे ४ एकर १९ गुंठे. दोघा भावांत प्रत्येकी साडेएकोणनव्वद. नुसती २.२० अधिक ०.८० करून ‘तीन एकर’ म्हटलं असतं तर ५९ गुंठे हिशेबातूनच सुटले असते. बेरजेआधी खराब्याचं, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीचं, क्षेत्र धरलंय की वगळलंय, तेही दोन्ही उताऱ्यांवर पाहून घ्यावं. आणि वाटणीपत्रात ठिपक्यांचे आकडे न घालता ‘दोन एकर वीस गुंठे’, ‘ऐंशी आर’ असं अक्षरी लिहून घ्यावं.