फोटोत ठिपके आलेत की तूप चोपडलंय? बॅकस्कॅटर आणि हॅलोक्लाइन

ऐरोलीचा एक मित्र मेक्सिकोत युकातानच्या सेनोटेंमध्ये (चुनखडी खचून झालेल्या, पाण्याने भरलेल्या विहिरी-गुहांमध्ये) डाइव्ह करून आला आणि निम्मे फोटो गेले म्हणून माझ्याकडे घेऊन आला, म्हणे हाऊसिंगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या वॉटरप्रूफ डब्यात, पाणी शिरलं बहुतेक. पाणीबिणी काही नाही. दोन वेगळी दुखणी होती आणि हा दोन्हीला "गढूळ पाणी" म्हणत होता.

पहिलं बॅकस्कॅटर. घोडबंदर रोडला रात्री धुळीत अप्पर मारून बघा, रस्ता राहतो बाजूला आणि नुसते पांढरे कण चमकतात, तेच हे. फ्लॅश लेन्सला चिकटून असला की मधल्या कणांवरचा उजेड सरळ कॅमेऱ्यात परत येतो. झऱ्याचं पाणी डोळ्याला काचेसारखं दिसतं हो, पण कुणी तळाला फिन (पायातलं वल्हं) मारली की गाळ उठतो, आणि गुहेत तर आपल्याच श्वासाचे बुडबुडे छताला आपटून वरची भुकटी खाली पाडतात. मग स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचे फ्लॅश, लेन्सपासून लांब न्यायचे, जरा बाहेर वळवायचे आणि जे टिपायचंय त्याच्या जवळ जायचं.

दुसरं हॅलोक्लाइन, म्हणजे गोडं आणि खारं पाणी जिथे भेटतं तो थर. यात कणच नसतात! सेनोटेत वर पावसाचं गोडं पाणी आणि खाली जमिनीतनं आत आलेलं समुद्राचं जड खारं पाणी. गोड्याचा अपवर्तनांक (उजेड किती वाकतो त्याचा आकडा) १.३३, खाऱ्याचा साधारण १.३४, फरक एवढुसा, पण दोन्ही ढवळली गेली की उजेड जागोजागी वेगळा वाकतो. लिंबू सरबतात साखर विरघळताना तारा लहरतात ना, त्याच्या आत कॅमेरा धरलाय असं समजा, ऑटोफोकस बिचारा मागेपुढे करत बसतो आणि स्ट्रोब कुठेही वळवा, ढिम्म फरक पडत नाही. गंमत म्हणजे कुणी ढवळायच्या आधी हाच थर खाली दुसरं पाणी भरलंय असा चकचकीत दिसतो, म्हणून गाईडला सांगून पहिला नंबर लावायचा, नाहीतर थराच्या पूर्ण वर किंवा पूर्ण खाली जाऊन क्लिक करायचं.

ओळखायचं कसं? फ्लॅश बंद करून तोच फोटो परत काढा, ठिपके गेले तर बॅकस्कॅटर, फराटे तसेच राहिले तर हॅलोक्लाइन. आणि फ्लोरिडातल्या जिनी स्प्रिंग्जसारख्या बारा महिने २२ अंशांच्या, समुद्रापासून आत असलेल्या झऱ्यात फोटो बिघडला तर हॅलोक्लाइनवर बिल फाडू नका, तिथे खारं पाणी नाहीच.

मित्राला पटेना, तर त्याच्याच किचनमध्ये काचेच्या ग्लासात मिठाचं घट्ट पाणी घेतलं, वरनं चमच्यावरून हळू साधं पाणी सोडलं, मागे पेपर धरला आणि एकदाच ढवळलं. हेडलाईन वाचता येईना त्याला.